एसी बंद पडलेल्या पिकअपचा कंप्रेसर

आमच्याकडची जुनी डबल केबिन पिकअप आता तासगावच्या द्राक्षबागेच्या कामापुरतीच उरली आहे. तिचा एसी बंद पडून बराच काळ लोटला. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरला, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीला, खडी लागून भोक पडले, गॅस निघून गेला, आणि कंडेन्सर, ड्रायर व पाइप बदलून पुन्हा गॅस भरण्याचा खर्च गाडीची आजची किंमत पाहता करावासा वाटला नाही. अशा वेळी कोणत्याही गॅरेजात मिळणारा सल्ला ठरलेला असतो: "काढून टाका की तो कंप्रेसर, उगाच इंजिनावर लोड." कंप्रेसर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून एसीचा गॅस दाबणारा पंप. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला असताना आपण मात्र आहे तो काढायच्या गोष्टी करत आहोत, ही गंमत बाजूला ठेवू. पण 'लोड'विषयीचा तो सल्ला तपासून पाहण्यासारखा नक्कीच आहे.

कंप्रेसरच्या तोंडाशी जी पुली दिसते ती त्याच्या शाफ्टला घट्ट बसवलेली नसते. ती स्वतःच्या बेअरिंगवर मोकळी फिरत असते. शाफ्टला जोडलेली असते ती पुढची चकती. मागच्या कॉइलला वीज मिळाली की तिच्या चुंबकत्वाने ही चकती पुलीला चिकटते आणि मग कुठे कंप्रेसर फिरू लागतो. या जोडणीलाच कंप्रेसरचा क्लच म्हणतात. सँडन कंपनीच्या पद्धतीच्या कंप्रेसरात चकती आणि पुली यांच्यातील फट साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर ठेवलेली असते. एसी बंद असताना या फटीमुळे इंजिनावर केवळ एका बेअरिंगच्या घर्षणाचा भार येतो, आणि तो नगण्य असतो. त्यामुळे बंद एसीचा कंप्रेसर काढल्याने मायलेज वाढते हा समज मला पटत नाही. चालू एसी इंजिनाची काही अश्वशक्ती खातो हे खरे, पण बंद एसी ती खात नाही.

कंप्रेसर काढण्याचे खरे कारण आवाज किंवा जाम होणे हेच असू शकते, आणि त्यातही नेमके काय बिघडले आहे हे आधी ओळखावे लागते. एसी बंद असताना इंजिनासोबत खरखर येत असेल, तर दोष बहुधा पुलीच्या बेअरिंगचा असतो. एसी लावल्यावरच आवाज येत असेल, तर तो आतल्या पिस्टनांचा किंवा व्हॉल्वचा असतो. आमच्या मेस्त्रींनी पट्टा उतरवला, पुली बोटाने सावकाश फिरवली, मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कंप्रेसरच्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि चकती हाताने फिरवत आतून काही घासते का ते ऐकले. आमचा कंप्रेसर आतून शाबूत होता. बेअरिंग तेवढे कोरडे पडले होते. पुली अडवून धरणारी कडी (सर्क्लिप) काढून पुली ओढली, बेअरिंग बदलले आणि तो प्रश्न मिटला.

कंप्रेसर आतून जाम झाला असेल, तरी तो उतरवायलाच हवा असे नाही. समोरचा नट सोडून पुलरने चकती काढून घेतली की पुली तशीच फिरत राहते, पट्टा आपल्या जागी राहतो आणि जाम झालेला भाग कोणाच्या अध्यात-मध्यात येत नाही. चकतीखालच्या पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या कड्या, मात्र जपून ठेवाव्यात, कारण फटीचे माप त्यांच्यावर ठरलेले असते. या उपायात एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे पुलीचे बेअरिंग. ते तुटले की पट्टा उडतो, आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप व अल्टरनेटर असतील तर गाडी रस्त्यातच उभी राहते.

संपूर्ण कंप्रेसर उतरवायचाच असेल, तर पट्ट्याची मांडणी आधी पाहावी. जुन्या इंजिनांत एसीला बहुधा वेगळा व्ही-बेल्ट असतो. तो काढला की काम झाले. मात्र एकच चपटा, बारीक खाचांचा पट्टा सगळ्या पुल्यांवरून फिरत असेल, तर कंप्रेसरच्या जागी मोकळी पुली बसवावी लागते किंवा आखूड पट्टा शोधावा लागतो. अशा पट्ट्यावर '६ पीके १७५०' असे काही छापलेले असते. त्यात ६ म्हणजे खाचांच्या धारा आणि १७५० म्हणजे मिलिमीटरमधील लांबी. नव्या वाटेने सुतळी फिरवून माप घेता येते, पण पाण्याच्या पंपाच्या पुलीला पट्ट्याची पुरेशी मिठी राहते का आणि पंप उलट दिशेने तर फिरत नाही ना, हे तपासल्याशिवाय पट्टा विकत घेऊ नये.

गॅसविषयी थोडक्यात. पाइप सोडण्यापूर्वी उरलेला गॅस एसीवाल्याकडील मशीनने काढून घ्यावा. नट सैल करून तो हवेत सोडून देण्याची आपल्याकडची सवय वाईट आहे. एसीत भरला जाणारा आर-१३४ए गॅस ओझोनला धोका पोहोचवत नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ घडवतो, आणि त्याही आधीच्या गाड्यांतला आर-१२ तर दोन्ही बाबतींत घातक होता. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून अंगावर उडाल्यास त्वचा गोठते. गॅस असलेल्या पाइपाजवळ वेल्डिंगची ज्योत नेली, तर विषारी वायू तयार होतात. फुटलेला कंडेन्सर काढून टाकायला माझी हरकत नाही, कारण त्यामुळे रेडिएटरला हवा अधिक मोकळी मिळते. डॅशबोर्डमधील कूलिंग कॉइल मात्र आहे तिथे राहू द्यावी, तिच्यासाठी अख्खा डॅश उघडण्यात अर्थ नाही.

आता चांगल्या कंप्रेसरचे काय करावे? मोठ्या ट्रकवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्या एअर ब्रेकसाठी इंजिनावर वेगळा कंप्रेसर असतो आणि त्याच्या टाकीतून नळी जोडून ते टायरमध्ये हवा भरतात. आमच्या पिकअपचे ब्रेक ऑइलचे, त्यामुळे तिच्यात हवेची सोय नव्हती. बागेत मात्र ट्रॅक्टरच्या, ट्रॉलीच्या आणि ब्लोअरच्या चाकांना वरचेवर हवा लागते, आणि पंक्चरवाला मुख्य रस्त्यावर. म्हणून एसीचा कंप्रेसर हवा भरण्यासाठी वापरायचे ठरवले.

या कामात सर्वात महत्त्वाचा प्रश्न तेलाचा आहे, आणि दुर्दैवाने इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ नेमका तोच गाळून पुढे जातात. अमेरिकेतील जुन्या जीप आणि पिकअपवाले यॉर्क कंपनीचे दोन पिस्टनांचे कंप्रेसर शोधत फिरतात, त्याचे कारण असे की, त्या कंप्रेसरच्या तळाशी तेलाचा स्वतंत्र साठा असतो आणि हवा दाबतानाही त्याला तिथूनच वंगण मिळत राहते. आपल्याकडे सर्रास आढळणारे सँडन पद्धतीचे कंप्रेसर वेगळे. त्यांच्यात तिरकी तबकडी डुलत राहून पाच किंवा सात पिस्टन पुढे-मागे ढकलते, आणि त्यांचे दोनशे मिलीलिटरहूनही कमी असलेले तेल गॅसबरोबर साऱ्या यंत्रणेतून फिरून परत येते. गॅसऐवजी हवा दाबायला लावली की तेल हवेबरोबर बाहेर पडते, पण परत येत नाही. असा कंप्रेसर पहिल्या दिवशी झकास चालतो आणि काही काळाने कोरडा पडून जाम होतो.

यावर लोक दोन उपाय करतात. काही जण तेलाच्या बुचातून आत ग्रीस भरतात. अधूनमधून एखादे चाक भरण्यापुरते ते चालूनही जाते. मला मात्र दुसरा उपाय अधिक भरवशाचा वाटतो. हवा आत ओढणाऱ्या तोंडाशी थेंब-थेंब तेल सोडणारा ल्युब्रिकेटर बसवायचा आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवर तेल व पाणी अडवणारा सेपरेटर लावायचा. आतले मूळ एसीचे तेल आधी पूर्ण ओतून काढावे, कारण आर-१३४एच्या यंत्रणेतले पॅग तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्याऐवजी हवेच्या कंप्रेसरसाठी मिळणारे खनिज तेल घालावे. आत जाणाऱ्या हवेला कागदी फिल्टर हवाच. उसाच्या ट्रॉल्या जाऊन फुफाटा झालेल्या आमच्या रस्त्यांवर फिल्टरविना कंप्रेसर चालवणे म्हणजे पिस्टनांना पॉलिश पेपर लावण्यासारखे आहे.

सँडनचा पाच पिस्टनांचा जुना कंप्रेसर एका फेऱ्यात १३८ घनसेंटीमीटर हवा ओढतो. तो मिनिटाला २००० फेरे फिरला, तर कागदावर २७६ लिटर होतात. गळती आणि उष्णता यांत बरीच घट धरून निम्मीच हवा हाती लागली, तरी पिकअपच्या पन्नासेक लिटरच्या टायरचा दाब २० वरून ४० पीएसआयवर न्यायला अर्ध्या-पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागू नये. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप तेवढ्या कामाला कितीतरी मिनिटे घुरघुरत बसतात.

दाबलेली हवा चांगलीच तापते, म्हणून कंप्रेसरपासून टाकीपर्यंतची पहिली नळी साध्या रबराची नसावी. आतून टेफ्लॉन आणि वरून स्टीलच्या जाळीची नळी घ्यावी आणि तिच्यापुढे हवा उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवावा. टाकीसाठी ट्रकच्या ब्रेकची टाकी भंगारात मिळते, पण ती आतून गंजलेली नाही याची खात्री पटल्यावरच घ्यावी. गॅसचे घरगुती सिलिंडर किंवा एसीच्या गॅसचे एकदा वापरून टाकायचे डबे यांना टाकी बनवणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेले बरे. आमच्याकडे प्रेशर स्विच ११० पीएसआयला कंप्रेसरचा क्लच तोडतो आणि तो स्विच चिकटून बसलाच, तर सेफ्टी व्हॉल्व १५० ला उघडतो. हा व्हॉल्व आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवू नये.

वायरिंग करताना एसीच्या मूळ स्विचवर भिस्त ठेवता येत नाही, कारण लाइनमधील प्रेशर स्विचला गॅस नसल्याचे कळते आणि तो क्लचला वीज जाऊच देत नाही. त्यामुळे बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि स्वतंत्र बटण अशी वेगळी वायर ओढली. क्लचच्या कॉइलला साधारण चार अँपिअर लागतात, ते थेट बटणावरून नेऊ नयेत. गाडी चालू असताना चुकून बटण दाबले जाऊ नये म्हणून ते बॉनेटखालीच ठेवले आहे.

पावसाळ्यात टाकीच्या तळाचा कॉक उघडला की ताकासारखे पांढरट पाणी येते. ते तेल आणि ओलावा यांचे मिश्रण असते आणि कामानंतर ते काढून टाकावेच लागते. सेपरेटर लावूनही हवेत तेलाचे बारीक कण राहतात, म्हणून ही हवा चाकांना, नट सोडायच्या गनला आणि रेडिएटरच्या जाळीतली धूळ उडवायला ठीक आहे, पण रंगाच्या फवाऱ्यासाठी किंवा इंजिनाचा एअर फिल्टर झटकण्यासाठी ती वापरू नये.