सराव एमआयडीसीत, गिग लोअर परळला

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की पावसाळा लागेपर्यंत मोठ्या स्टेजचं एकही तिकीट काढायचं नाही. ठाणे, कळवा, ऐरोली ते खाली पनवेल, एवढ्या पट्ट्यातले स्वतःची गाणी बांधणारे बँड शोधायचे आणि समोर बसून ऐकायचे. कव्हर बँड (दुसऱ्यांची गाणी वाजवणारे) कितीही चांगले वाजवत असले तरी वहीत घ्यायचे नाहीत. होळीपासून जूनअखेरपर्यंत काय काय हाती लागलं, ते खाली लिहिते.

आधी उन्हाळ्याचं बोलू, कारण नव्याने नादाला लागलेली मंडळी हमखास विचारतात, 'समर फेस्टिव्हल कुठले करू?' ग्लास्टनबरी जूनच्या अखेरीस, फुजी रॉक जुलैच्या शेवटी, हे त्या त्या देशांना ठीक आहे. आपल्याकडे उन्हाळी फेस्टिव्हल म्हणजे आंबा महोत्सव. आपला एनएच७ वीकेंडर २०१० साली पुण्यात सुरू झाला तो थंडीच्या तोंडावर, महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा पहिल्यांदा आला तो २०२३च्या जानेवारीत, आणि अरुणाचलातलं झिरो असतं सप्टेंबरात. नेरुळच्या डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले जानेवारीत आले, यूटू डिसेंबरात. मे महिन्यात तिथे मैदानात उभं राहणं काय असतं, हे १० मे २०१७ला जस्टिन बीबरला गेलेल्या कुणालाही विचारा.

म्हणजे मार्च ते जून बँड असतात, पण बंद दाराआड असतात. कॅफेतली छोटी सेशन्स, कुणाच्या तरी हॉलमधली सतरंजीवरची मैफल, आणि जॅमरूम, म्हणजे तासावर भाड्याने मिळणारी सरावाची खोली. माझ्या मते शोधाशोधीला हाच काळ चांगला. थंडीत एकाच शनिवारी चार ठिकाणी काहीतरी असतं आणि आपण नावाजलेल्यांच्याच मागे धावतो.

मार्चमध्ये घरबसल्या सेशनचे व्हिडिओ पाहिले. माझी पद्धत जुनीच आहे: स्टुडिओत चकाचक केलेलं गाणं आधी ऐकायचं नाही, एका दमात वाजवलेलं सेशन आधी पाहायचं. रेडिओच्या ऑफिसातल्या टेबलामागे होणाऱ्या 'टायनी डेस्क' मैफलींची जन्मकथा ठाऊक असेलच. २००८मध्ये ऑस्टिनच्या एका बारमध्ये लॉरा गिब्सन गात होती आणि गर्दीच्या कलकलाटात तिचा आवाज काही पोचेना. एनपीआर ह्या अमेरिकन रेडिओच्या बॉब बॉयलनबरोबर असलेल्या सहकाऱ्याने गमतीत म्हटलं, त्यापेक्षा तू आमच्या ऑफिसातच येऊन गा. ती खरोखर आली. तिथे अजूनही गायकाचा आवाज खोलीत स्पीकरवर सोडत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांना त्याच्या गळ्याखाली राहून वाजवावं लागतं. सोफार साउंड्सच्या घरगुती मैफलींतही तसंच: जागा आदल्या दिवशी कळते, लोक जमिनीवर बसतात, बोलत नाहीत. माझी कसोटी त्यावरूनच बसली आहे. ड्रमरला हळू वाजवता येतं का? जोरात काय, सगळेच वाजवतात.

ह्या कसोटीवर आपल्या पट्ट्यातले फार थोडे उरले. खरं कारण असं की आपल्याकडच्या पोरांचे सेशनचे व्हिडिओच नाहीत. तीन कॅमेरे, वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग, वर मिक्सिंग, एवढा खर्च कोण करणार? मोबाइलवर काढलेले तुकडे आहेत, त्यात ऐकू येतो तो टेबलावरच्या ग्लासांचा आवाज.

म्हणून एप्रिलमध्ये जॅमरूम धरली, आणि ह्या नोंदीतला बराच मजकूर तिथलाच आहे.

रबाळ्याच्या बाजूला एमआयडीसीत एक गाळा आहे. खाली पॅकिंगचं काम चालतं, वर लोखंडी जिन्याने गेलं की दोन खोल्या. भिंतींना फोम, फोमवर जुने गालिचे ठोकलेले, ड्रमकिटखाली आणखी एक गालिचा, तो किट पुढे सरकू नये म्हणून कोपऱ्यात वीट. एसी आहे, पण रेकॉर्डिंग सुरू झालं की बंद करतात, मग दहा मिनिटांत सगळ्यांचे टीशर्ट पाठीला. चालवणारे काका पूर्वी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) वाजवायचे. तासाचा दर मुंबईतल्या खोल्यांपेक्षा बराच कमी, म्हणून लोक पार मुलुंड-भांडुपहून येतात. आणि दाराजवळ पांढरा बोर्ड, त्यावर आठवड्याचं बुकिंग मार्करने लिहिलेलं: वार, वेळ, बँडचं नाव, पुढे कंसात 'अॅडव्हान्स बाकी'.

मंडळी, कुठल्याही अॅपने मला एवढे बँड दाखवले नाहीत जेवढे ह्या बोर्डाने दाखवले. बुधवारचे कळव्याचे, शनिवारी सकाळचे खारघरचे कॉलेजवाले, रविवारी रात्रीचे घणसोलीतले दोघं, ज्यांचं नाव माझ्या डोळ्यांदेखत दोनदा बदललं. (म्हणूनच इथे नावं देत नाही. पक्की झाली की देईन.)

काकांना पहिल्यांदा विचारलं, बसून ऐकलं तर चालेल का, तर ते म्हणाले, "मला काय, त्यांना विचार. पण कोपऱ्यात बस आणि मध्ये टाळ्या वाजवू नकोस. पोरं चढतात, मग टेम्पो पळतो." खारघरच्या ड्रमरने विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या बँडच्या?" कुठल्याच नाही, नुसती ऐकते, म्हटल्यावर तो गोंधळला. सरावाला नुसतं ऐकायला कुणी येतं हे त्याच्या पचनी पडेना. नंतर चहा त्यानेच सांगितला.

सरावात जे दिसतं ते गिगला, म्हणजे लोकांसमोरच्या कार्यक्रमात, दिसत नाही. एकाच कडव्यावर अर्धा तास अडून बसणं, बासवाल्याने दोन सूर कमी करून बघणं आणि गाणं एकदम मोकळं होणं. कळव्याच्या बँडने एका गाण्याचा मुखडा माझ्यासमोर तीन वेगळ्या तालांत वाजवून पाहिला आणि शेवटी चक्क भजनी ठेक्यावर आणून सोडला. त्यांच्याकडे ड्रमकिटच नाही. ढोलकी, एक ऑक्टोपॅड, इलेक्ट्रिक गिटार, बास. गाणी मराठीत. अभंगा रिपोस्ट ह्या बँडने अभंगाला बास आणि ड्रम्सवर बसवून दाखवलं, स्वदेसी ह्या हिपहॉप गटाच्या एमसी मवालीने मराठीतून रॅप केलं, त्यानंतर ह्या वयाच्या पोरांना मराठीत लिहिण्याचा संकोच राहिलेला नाही, हे मला ह्या उन्हाळ्यात ठळकपणे जाणवलं. काही वर्षांपूर्वी हीच मुलं इंग्रजीत लिहायची आणि गाण्यांच्या मधलं बोलणं मराठीत करायची.

आता गिगकडे. खारघरच्या पोरांना मेमध्ये लोअर परळला एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं. जागेचं नाव राहू दे. साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) उलट्या क्रमाने होतो हे तुम्हाला माहीत आहेच: जो सगळ्यात शेवटी वाजवणार त्याचा आधी, आणि ओपनरचा, म्हणजे सुरुवातीला वाजवणाऱ्याचा, शेवटी, म्हणजे ओपनरचं सामान स्टेजवर तसंच राहतं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात मोठ्यांचा साउंडचेक लांबला आणि ह्यांच्या वाट्याला आला तो नुसता लाइन चेक: किक येतोय? येतोय. गिटार? येतेय. चला, दार उघडा. ड्रमकिट जागेचा, स्नेअर, झांजा आणि पेडल ड्रमरचे स्वतःचे, ते लोकलमधून लगेजच्या डब्यातून आणलेले. पहिली दोन गाणी गायकाला मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाजच नव्हता. तिसऱ्या गाण्याला कुणीतरी मिक्सरवर आवाजाचा फेडर (सरकती कळ) वर ढकलला आणि त्याचा चेहरा बदलला, तिथपासून सेट लागला. तोपर्यंत हॉल अर्धा रिकामा होता, कारण पब्लिक मोठ्या बँडच्याच वेळेला येतं. लोलापालूझाच्या पहिल्या वर्षीही देशी बँड भर दुपारी उन्हात वाजवत होते. तिकिटाचे पैसे वसूल करायचे असतील तर गेट उघडताना पोचा, हे मी दर नोंदीत लिहिते आणि दर नोंदीत कुणीतरी म्हणतं की हेडलायनर, म्हणजे मुख्य बँड, तर नऊला आहे.

परतीचा मार्ग नवीन मंडळींसाठी. लोअर परळहून दादरला जाऊन गाडी बदलण्यापेक्षा पुलावरून चालत करी रोड गाठा. तिथे स्लोच थांबते, पण रात्री उशिराच्या गाड्या बहुतेक स्लोच असतात. ठाण्याला पोचेपर्यंत ट्रान्स हार्बरची (ठाण्याहून नवी मुंबईकडची) शेवटची गाडी गेलेली असण्याचीच शक्यता, तेव्हा ऐरोलीकरांनी मुलुंडलाच उतरून पुलावरून रिक्षा करावी. बारानंतर मीटरवर सव्वापट भाडं. थोडक्यात, गिगचं तिकीट स्वस्त आणि रिक्षा महाग.

इथेच माझी तक्रार आहे. बँड इकडचे, सराव इकडे, ऐकायला मात्र सगळ्यांनी खाडी ओलांडून जायचं. ठाण्यात जागा नाहीत असं म्हणवत नाही. घोडबंदर रोडवर आणि पाम बीचच्या बाजूला दर शुक्रवारी 'लाइव्ह म्युझिक'ची पाटी असते. पण तिथे हवी असतात जुनी हिंदी गाणी, अकूस्टिक गिटारवर, जेवणाऱ्यांना त्रास न होईल इतपत. मालकाचंही चुकत नाही, टेबलं भरायला हवीत. उघड्यावर करावं तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. बारापर्यंतची सवलत सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात कधीच वाटून झालेले असतात. काका ह्यावर नेहमी रंगभवनची गोष्ट काढतात. धोबीतलावचं ते खुलं नाट्यगृह, १९८६ पासूनचं इंडिपेंडन्स रॉक फेस्टिव्हल, पुढे इंडस क्रीड झालेल्या रॉक मशीनच्या मैफली. शेजारी हॉस्पिटलं आणि कॉलेज, शांतता क्षेत्र लागू झालं, आणि तिथलं रॉक संपलं. "आम्ही पायऱ्यांवर बसून ऐकलं, तुम्ही सोफ्यावर बसून ऐका," असं म्हणून ते खाली चहा सांगायला जातात.

जूनची नोंद आनंदाची. २१ जूनला जागतिक संगीत दिन असतो, फ्रान्सने १९८२ साली सुरू केलेला, तिथे रस्त्यावर वाजवतात. आपल्याकडे त्याच सुमारास रस्त्यावर पाणी वाजतं. पण त्या निमित्ताने ठाण्यातल्या एका छोट्या कॅफेने टेबलं भिंतीला लावली आणि कळव्याच्या बँडला तासभर दिला, अट एकच: सगळी गाणी स्वतःची. बाहेर धो धो पाऊस, आत एसी. एसीत आल्या आल्या गिटारच्या तारा थंडीने आकसून चढल्या, आणि ढोलकी मात्र रिक्षातली ओल धरून खाली उतरलेली. दोघांमध्ये चांगलं अर्ध्या सुराचं अंतर. गिटारवाल्याने खाली यायचं की ढोलकीने वर जायचं ह्यावर स्टेजवरच कुजबुज झाली. ढोलकीवाल्याने खिशातून पाना काढला, एकेक नट अर्धा फेरा फिरवत कडेने गेला, मध्येच शाईवर टिचकी मारून कान लावला, परत फिरवला. लोक मोबाइल ठेवून तेच बघत राहिले. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं. भजनी ठेक्यावर आणलेला तो मुखडा तिथे पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि दुसऱ्या वेळी मागची दोन टेबलं त्यात सूर मिसळत होती. ठेका ओळखीचा होता ना, शब्द नवे असले तरी.

वहीत ह्या खेपेला उरलेले: कळवा, खारघर, आणि घणसोलीतले ते दोघं (गाणी तयार, नाव नाही). पनवेलचा एक मेटल बँड ऐकायचा राहिलाय. ते म्हणे पहाटे सहाला सराव करतात, शेजाऱ्यांशी तसा तहच झालाय.

आणि ताजी खबर. ठाण्यात लाइव्ह संगीताला उघड्यावर सगळ्यात मोठी गर्दी जमते ती दिवाळी पहाटेला, तलावपाळीला आणि राम मारुती रोडला, आणि सकाळी सहानंतर असल्यामुळे लाऊडस्पीकरच्या वेळेतही बसते. तिथल्या एका छोट्या स्टेजसाठी कळव्याच्या बँडला विचारणा झाली आहे. दोन गाणी स्वतःची, बाकी सिनेमातली. ढोलकीवाला म्हणतो, घेऊन टाकू, दोन तर दोन. बासवाला म्हणतो, सगळी आपली नाहीतर नाही. गेल्या बुधवारी सरावाचा पहिला अर्धा तास ह्याच भांडणात गेला, आणि काका खालून ओरडले की मीटर चालू आहे. गणपतीच्या आधी उत्तर द्यायचंय. काय ठरतं ते पुढच्या नोंदीत कळवते.