हॉसची फजिती

‘बोनान्झा’ ही घोडेस्वार, पशुपालक कुटुंबाची वेस्टर्न मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 1959 ते 1973 अशी चौदा वर्षे चालली. एवढ्या पसाऱ्यात काही भाग फसणारच, हे गृहीत धरून मी ती बघत असतो. तरीही डिसेंबर 1963 मध्ये दाखवला गेलेला ‘हॉस अँड द लेप्रिकॉन्स’ हा भाग पाहून माझा जो हिरमोड झाला, तो वेगळ्या जातीचा होता.

सुरुवात नेहमीचीच, म्हणजे ती प्रसिद्ध धून, पडद्यावर जळत जाणारा नकाशा आणि घोड्यावरून येणारे कार्टराइट, म्हणजे मालिकेचे नायक असलेले बापलेक. नंतर मधला मुलगा हॉस हिरव्या कपड्यांतल्या एका ठेंगण्या माणसाला अस्वलापासून वाचवतो, आणि त्याच्या हाती सोन्याची पेटी लागते. घरी कोणाचाच विश्वास बसत नाही. पुढे गावात एक बोलघेवडा ‘प्रोफेसर’ उगवतो, सोने राखणाऱ्या बुटक्या लेप्रिकॉनांची आयरिश लोककथा रंगवून सांगतो, आणि सारी व्हर्जिनिया सिटी कामधंदा सोडून रान धुंडाळू लागते.

विनोदाला माझी हरकत नाही. गावाच्या हावरटपणाची टिंगल तर मला आवडलीच. खटकतो तो हॉस. ही भूमिका करणारा डॅन ब्लॉकर सहा फूट चार इंच उंचीचा, कोरियाच्या युद्धात लढून आलेला आणि काही काळ शाळामास्तर असलेला माणूस होता. एरवी त्या अवाढव्य देहातून तो जो हळुवारपणा दाखवतो, त्यासाठीच ही मालिका बघावी. इथे मात्र डोळे विस्फारून भोळसटपणा करण्यापलीकडे लेखकाने त्याच्याकडे काही मागितलेलेच नाही.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. ते ‘लेप्रिकॉन’ म्हणजे लोकांची करमणूक करून पोट भरलेली, परमुलखात अडकलेली हाडामांसाची माणसे निघतात. उंचीमुळे ज्यांच्याकडे आयुष्यभर लोक टकमक बघत आले, त्यांना नव्या गावात ठाव मिळेल का, ही खरी गोष्ट होती. पण ती सुरू होईपर्यंत भागाची वेळ संपत आलेली असते. मग घाईघाईने गावाची कानउघाडणी उरकून लेखक मोकळा होतो. तोपर्यंत ज्या ठेंगणेपणावर त्यानेच आपल्याला हसवले, त्याला हसू नका असे तो कोणत्या तोंडाने सांगतो?

याच मंडळींना असा विषय झेपत नव्हता, असेही नाही. एप्रिल 1964 मध्ये, म्हणजे त्याच हंगामात, ‘एंटर थॉमस बॉवर्स’ हा भाग आला. त्यात ऑपेरा गाणारा एक कृष्णवर्णीय गायक याच व्हर्जिनिया सिटीत येतो, आणि त्याच्या वाट्याला आलेला अपमान मालिकेने गांभीर्याने हाताळला आहे. तिथे हॉसलाही अक्कल आहे.