सहा इंचांची फरशी

आमच्या खेळातील पहिले भुयार छताच्या पंख्याने उधळले. मार्चमधील एका रविवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या घरी पाच जण टेबलाभोवती बसले होते. महिनाभर खपून कापलेल्या थर्मोकोलच्या फरशा जोडून मी एक जमिनीखालचे मंदिर मांडले होते. उकाड्याने हैराण झालेल्या एकाने पंख्याचे बटण दाबले आणि सात-आठ फरशा त्यांवरील सोंगट्यांसह जमिनीवर गेल्या. टेबलावर जे उरले तेही धड नव्हते, कारण एक फरशी ९ मिलीमीटर जाडीची, तर शेजारची १४, आणि त्या सांध्यावर ठेवलेली प्रत्येक सोंगटी कलंडत होती. रंगकाम मात्र सुंदर झाले होते, असे सर्वांनी मला आवर्जून सांगितले. ते ऐकून अधिकच वाईट वाटले.

या फरशा कशासाठी लागतात, हे आधी सांगायला हवे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतील पात्रे होतात. आमच्या गटात गोष्ट चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. लढाईच्या वेळी कोण कुठे उभे आहे हे कळावे म्हणून चौकटींचा नकाशा वापरतात आणि त्यावरील एक इंचाची चौकट म्हणजे गोष्टीतील पाच फूट, असे मानतात. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीनुसार माणूस आपल्या पाळीत सहसा ३० फूट, म्हणजे सहा चौकटी चालतो. त्यामुळे सहा इंच बाय सहा इंचांची फरशी केली, तर एक फरशी ओलांडणे म्हणजे एका पाळीची चाल, हा हिशेब नुसत्या नजरेने होतो. शिवाय सुट्या फरशा असल्या की आजचे मंदिर पुढच्या रविवारी तुरुंग होऊ शकते. सुरुवातीला आम्ही आलेखाच्या कागदावर कॅरमच्या सोंगट्या ठेवून खेळत होतो, पण त्या तीन सेंटीमीटरहून थोड्या मोठ्या असल्याने एका चौकटीत मावत नसत आणि दोन योद्धे शेजारी उभे राहिले की भांडण लढाईपूर्वीच सुरू होई.

पहिल्या फरशांसाठी मी टीव्हीच्या खोक्यातील थर्मोकोल वापरला होता. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीच्या वस्तूंवरही बंदी आली. त्यानंतर, पूर्वी गणपतीच्या मखरासाठी दुकानांबाहेर रचलेले असत तसे तक्ते मला कुठे सापडले नाहीत. पण खरी अडचण मिळण्या न मिळण्याची नव्हती. थर्मोकोल म्हणजे फुगवून एकमेकांना चिकटवलेले मणी. त्यात कटरचे पाते फिरले की मणी उपटून निघतात, आणि दगडाची फट कोरायला जावे तर कडेला दात कुरतडल्यासारखी खूण उरते. या कामाला लागतो तो एक्सपीएस फोम. रसायन तेच, पॉलिस्टायरिन, परंतु तो मण्यांचा न बनवता यंत्रातून सलग दाबून काढलेला असतो, म्हणून त्याचे पोट एकजीव असते आणि त्यावर बोथट बॉलपेनने ओढलेली रेघही टिकते.

हा फोम छंदाच्या सामानाच्या दुकानात शोधण्यात मी दोन आठवडे घालवले. तो प्रत्यक्षात मिळाला गच्चीवर ऊन अडवण्याचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे, उरलेल्या मालात. २५ मिलीमीटर जाडीचे तीन तक्ते त्याने स्वस्तात दिले. प्रत्येक तक्ता १२५० बाय ६०० मिलीमीटरचा होता, आणि घरी येऊन टेप लावल्यावर माझ्या लक्षात आले की माझा खेळ इंचात आहे आणि बांधकामाचा माल मिलीमीटरमध्ये. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलीमीटर. लांबीत आठ फरशा बसतात, पण रुंदीत चार बसायला जेमतेम एक सेंटीमीटर कमी पडतो, म्हणून तीनच. एका तक्त्यातून चोवीस फरशा आणि १४ सेंटीमीटर रुंदीची एक लांब पट्टी उरते. त्या पट्टीचा त्या दिवशी फार राग आला होता. पुढे सर्व भिंती, खांब आणि पायऱ्या तिच्यातूनच निघाल्या.

तक्ता जाडीतून चिरून त्याचे दोन पातळ थर करण्यासाठी गरम तारेचे कटर लागते. माझ्या मैत्रिणीचे मामा उद्यमनगरात फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, बनवतात. लाकडाचे काम मुख्य, पण एखादाच मोठा नग ओतायचा असेल तर थर्मोकोलचा पॅटर्नही करतात, त्यामुळे त्यांच्याकडे नायक्रोमची तार ताणलेले कटर आहे, एवढे ऐकून मी माझ्या वाकड्या फरशा पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. व्हर्नियर काढून चार फरशांची जाडी मोजली आणि विचारले, “गेज न लावता कापलंस व्हय?”

त्या दुपारी मी जे शिकले ते कोणत्याही व्हिडिओत मला इतके नीट कळले नव्हते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलीमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी त्यांच्याकडे खुणाच जरा लांब मारलेली वेगळी पट्टी असते. तारेचेही तसेच. ती फोम कापत नाही, वितळवते, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा थोडा फोम नाहीसा होतो. मी पेन्सिलने मोजून रेघ मारत होते आणि त्या रेघेवरून तार नेत होते, म्हणून प्रत्येक फरशी किंचित लहान होत होती, तीही दर वेळी वेगळ्या मापाने. मामांनी रेघ मारूच दिली नाही. तारेपासून ठरावीक अंतरावर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी, म्हणजेच ते गेज, घट्ट बसवली आणि फोम तिला टेकवून सरकवायला सांगितले. मी अंतर पुन्हा पुन्हा तपासू लागले तेव्हा म्हणाले, “चुकलं तर समदं एकसारखं चुकू दे, पोरी. मग जोडतंय.”

थर काढण्याची रीतही त्यांचीच. तक्त्याच्या दोन्ही बाजूंना १२ मिलीमीटर उंचीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि ताणलेली तार त्या दोन्ही पट्ट्यांवर टेकवून सावकाश ओढायची. खालचा थर बरोबर १२ मिलीमीटरचा निघतो. वरचा नेहमी थोडा जाड राहतो, म्हणून त्याला त्याच पट्ट्यांमध्ये ठेवून सँडपेपर गुंडाळलेल्या ठोकळ्याने, ठोकळा पट्ट्यांना लागेपर्यंत घासायचे. तार लाल होता कामा नये आणि हात मध्येच थांबता कामा नये, कारण जिथे थांबाल तिथे खळगा पडतो. हे सर्व उघड्या दाराशी करावे लागते. वितळत्या पॉलिस्टायरिनचा धूर नाकाला झोंबतो आणि अंगाला चांगला नाही. घासताना मास्क हवा, आणि जमलेला भुसा झाडून मोरीत न लोटता पिशवीत भरून ठेवावा.

दोन तक्त्यांतून शहाण्णव फरशा झाल्या. त्यांतील नव्वद एकमेकींवर रचल्या तरी कडा एका रेषेत राहत होत्या, आणि एखाद्या कोऱ्या, रंगहीन वस्तूकडे मी इतका वेळ कौतुकाने कधी पाहिले नसेल.

दगडाचा पोत आणण्यासाठी बहुतेक जण ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा फोमवर दाबतात. मीही तसे केले, पण रस्त्याच्या कामावरून उचललेल्या खडीचा तुकडा त्याहून सरस ठरला. आपल्याकडची खडी काळ्या बेसाल्टची, तिची फुटलेली धार फोममध्ये रुतली की उमटतो तो दगडच. चौकटींच्या रेघा बॉलपेनने दोनदा ओढल्या, पहिल्यांदा हलक्या हाताने आणि दुसऱ्यांदा दाबून. एका रविवारी खेळ रद्द करून आम्ही सगळे पन्हाळ्याला गेलो आणि तीन दरवाजाजवळच्या भिंती निरखल्या. मी सर्व दगड एका मापाचे कोरत होते. तिथे थरांच्या ओळी सरळ आहेत, पण एका ओळीतील दगड लांब-आखूड आहेत आणि वरच्या ओळीचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही. माझ्या भिंती खोट्या का दिसत होत्या, ते तिथे उमगले.

रंगाच्या बाबतीत मी हात दाखवून अवलक्षण करून घेतले. वेळ वाचावा म्हणून सहा फरशांवर डब्यातील काळा स्प्रे मारला. स्प्रेमधील द्रावक पॉलिस्टायरिन विरघळवतो. पाच मिनिटांत वरचा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झाला. शहाण्णवाच्या नव्वद झाल्या त्या अशा. यानंतर काळा ॲक्रिलिक रंग आणि फेव्हिकोल समप्रमाणात मिसळून दोन हात दिले. दोन्ही पाण्यात मिसळणारे असल्याने फोमला इजा होत नाही, आणि वाळल्यावर कडक कवच तयार होते. हा लेप वरच्या बाजूलाच दिला तर वाळताना फरशी वाकते, म्हणून खालूनही द्यावा लागतो.

त्यावरचे काम मी शाहूपुरीतील कुंभार गल्लीत एका मूर्तिकारांच्या शेजारी बसून पाहिले. ब्रश रंगात बुडवून ते फडक्यावर जवळजवळ कोरडा करत आणि मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्यांवरून हलकेच फिरवत, की फक्त उंचवट्यांना रंग लागे. फरशीलाही हेच लागते: आधी गडद राखाडी, मग त्याहून फिका, शेवटी कडांवर अगदी थोडा पांढुरका. नंतर काळा-तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, सगळीकडे सोडायचा, म्हणजे तो फटींत जाऊन बसतो. साबण नसेल तर पाण्याचे मणी होऊन वरच राहतात. परदेशी नमुन्यांतील फिकट राखाडी मला आपल्या दगडासारखी वाटेना, म्हणून मी निळसर काळा अधिक ठेवला आणि कोपऱ्यांत पावसाळी शेवाळ्याची हिरवट छटा दिली.

भिंती चिकटवण्याचे काम जुलैत आले, हे माझे दुर्दैव. फोममधून ओल बाहेर जात नाही, त्यामुळे दोन तुकड्यांमधला फेव्हिकोल एरवीही सावकाश वाळतो. कोल्हापूरच्या पावसात तो तिसऱ्या दिवशीही ओला होता. द्रावकाचे गोंद वापरता येत नव्हते, तेव्हा प्रत्येक सांध्यात टूथपिक खोचून वर जाडजूड शब्दकोश ठेवले. एकावर एक रचलेल्या रंगीत फरशा दमट हवेत चिकटून बसल्या आणि सोडवताना चार ठिकाणी रंग उचलला गेला. तेव्हापासून मध्ये बटर पेपर घालते.

पंख्याचा प्रश्न लक्ष्मीपुरीतील हार्डवेअरच्या दुकानात सुटला. फरशांना वजन यावे म्हणून लोखंडी वॉशर किलोवर घेतले, प्रत्येक फरशीच्या खालच्या चार कोपऱ्यांत वॉशरएवढे खळगे कोरले आणि जाडी न वाढवता ते आत बसवले. तीनशे साठ वॉशर. या कामाबद्दल सांगण्यासारखे याहून काही नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही जे ठिकाण खेळलो ते पन्हाळ्याच्या अंधारबावेवरून घेतले होते. ती विहीर तीन मजली आहे, पायऱ्या उतरत जावे तसा उजेड कमी होतो आणि पाणी सर्वांत खाली. फरशा एकाच जाडीच्या असल्याने पायऱ्यांची उंचीही नेमकी तेवढीच कापली होती आणि मजले खटकन बसले. पंखा पाचावर होता. तळाच्या पाण्यासाठी मात्र मला नव्या फरशा कराव्या लागल्या नाहीत. मार्चमधल्या त्या वेड्यावाकड्या थर्मोकोलच्या फरशा मी फेकल्या नव्हत्या. त्यांवर फेव्हिकोलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर चुरगळून पसरला, काळपट हिरवा रंग दिला आणि वर चकचकीत वार्निशचे तीन हात मारले. पाण्याच्या पातळीला ९ आणि १४ मिलीमीटरचा फरक शोभून दिसला.