डॉगरिजच्या खुंटापासून सीता अशोकापर्यंत : आमची वाटचाल

मखमलाबाद शिवारातली ही नर्सरी वडिलांनी सुरू केली ती डॉगरिजच्या, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात त्या वेलाच्या, खुंटांवर. नाशिकला द्राक्षबाग म्हटली की खुंट लागतोच, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही. मागाहून गुलाब आले, शोभेची झाडं आली. घर आजही त्यावरच चालतं. पण जीव गुंतलाय तो सीता अशोकात.

त्याची सुरुवात पंचवटीच्या संचापासून झाली. वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक ही पाच झाडं देवळाच्या नाहीतर शाळेच्या आवारात लावायला आमच्याकडे कायम मागितली जातात. पाचव्याच्या जागी बाजारात सर्रास आसोपालव मिळतो, कंपाउंडच्या कडेला सरळसोट वाढणारा. तो सीताफळाच्या कुळातला. खरा अशोक म्हणजे सीता अशोक, तो शेंगा धरणारा. त्याची कोवळी पालवी तांबूस, लोंबती, आणि केशरी फुलांचे गुच्छ जून फांद्यांवर, कधी थेट खोडावर येतात. फुलं जुनी होत जातात तशी लाल होतात. खरं झाड द्यायचं ठरवलं आणि बी शोधायला लागलो, तेव्हा ते रानात किती विरळ झालंय ते दिसलं.

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा हा वृक्ष. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्येच तो धोक्यात असल्याची नोंद केली. कारण त्याची साल. अशोकारिष्टासारख्या आयुर्वेदिक औषधांसाठी देशात वर्षाला हजार टनांहून जास्त साल लागते आणि ती मुख्यतः जंगलातून येते. एका बाजूची उभी पट्टी काढली तर जखम भरून येऊ शकते. खोड चहूबाजूंनी सोललं तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. घाईच्या तोडीत तर अख्खं झाडच आडवं होतं. माल कमी पडला की आसोपालवाची साल मिसळतात. म्हणजे जंगलही जातं आणि औषधातही खोट येते.

याचं बी फार नाजूक. द्राक्षाच्या काड्या दमट गोणपाटात चार दिवस राहतात, हे बी वाळलं की मेलंच. डब्यात भरून पुढच्या हंगामाला ठेवायची सोय नाही. पावसाच्या तोंडाला शेंगा काळपट होऊन तडकतात, तेव्हा सिंधुदुर्गातल्या मालकी जागेतल्या झाडांखालून मालकांना किलोमागे ठरलेले पैसे देऊन बी गोळा करायचं, ओलसर कोकोपीटमध्ये हवा खेळती ठेवून रातोरात नाशिकला आणायचं आणि लगेच पेरायचं. मोड वर यायच्या आधी सोटमूळ खाली उतरतं, म्हणून आखूड पिशवी चालत नाही. तळाशी मूळ गुंडाळलं की झाड पुढे बसकं राहतं. आम्ही उंच पिशव्या वापरतो आणि सुरुवातीला दाट शेडनेट देतो.

प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाचा क्रमांक असतो. एकाच झाडाच्या बियांची हजार रोपं केली तर खर्च कमी येतो, पण ती सगळी भावंडंच. रोग आला तर सगळ्यांना एकदम. वेगवेगळ्या ओढ्यांवरच्या झाडांचं बी मिसळल्याशिवाय लॉट बाहेर जात नाही. रोपांची किंमत त्यामुळे वाढते आणि ती मी कमी करत नाही.

काही ऑर्डर आम्ही घेतच नाही. नाशिक शहरात वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस, तर पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० च्या वर. निफाडची हिवाळी थंडी आणि एप्रिलची कोरडी झळ उघड्या माळावरच्या कोवळ्या रोपाला सोसत नाही. शहरात घरामागे सावली आणि ठिबक असेल तर सीता अशोक छान फुलतो, मात्र त्या फुलांनी जंगल भरून निघत नाही. म्हणून आमची बहुतेक रोपं कोकणात जातात, सुपारी-नारळाच्या बागांत. तिथे वरची सावली आयती आणि पाटाचं पाणी जवळ. साल विकण्याजोगी व्हायला दीड-दोन दशकं लागतात. सुपारीचं उत्पन्न चालू असलेल्या बागायतदाराला तेवढं थांबणं परवडतं.

वैद्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : साल घेताना ती लागवडीतली की रानातली, एवढं विचारा. तुम्ही विचारलंत तर व्यापारी विचारेल, आणि मगच शेतकऱ्याला लावावंसं वाटेल.

या पावसाळ्यात रोपं हवी असतील तर आधी जागा कळवा : गाव, सावली किती, उन्हाळ्यात पाणी कुठून. फोटो पाठवलात तर उत्तमच. त्यावरून द्यायची की नाही ते ठरवू, आणि नाही दिली तर त्या जागेला साजेसं दुसरं झाड सुचवू.