चंचीची नाडी

पहिल्या वेळेस पाचव्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा कळा अशा आल्याच नव्हत्या. दोन दिवस खाली जड वाटत होतं, पांढरं पाणी जास्त जात होतं. कापूस वेचणीचे दिवस, वाकून कंबर भरली असेल म्हणून मी गप्प राहिले. तिसऱ्या रात्री न्हाणीत गेले आणि तिथंच सगळं झालं. ज्या दवाखान्यात नेलं तिथं पिशवी साफ केली आणि म्हणाले, "पहिल्यांदा होतं असं." गावानं मग आपापली कारणं काढली. पपई खाल्ली, हंडा उचलला, अमावास्येला वावरात गेली. पपई मी खाल्लीच नव्हती, पण हंडा उचलला होता. तो हंडा पुढं वर्षभर माझ्या डोक्यावरून उतरला नाही.

सव्वा वर्षानं परत दिवस गेले. आठव्या आठवड्यात परकराला लाल डाग. आशाताईंनी सरकारी अँब्युलन्सच्या 102 ला फोन लावला, काळीपिवळीत बसू दिलं नाही. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव, तिथून यवतमाळपर्यंत मी डोळे मिटून रस्त्यातले खड्डे मोजत गेले. सोनोग्राफीत ठोके चालू होते. गर्भाच्या कडेला रक्त साकळलं होतं, ते बरेचदा आपोआप जिरतं, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. रक्तगट पाहिला, निगेटिव्ह असता तर वेगळं इंजेक्शन लागलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "आधीच्या वेळी कळा किती वेळ होत्या?"

"नव्हत्याच."

त्यांनी लिहिणं थांबवलं. न दुखता पिशवीचं तोंड उघडलं असेल तर ते कमजोर असू शकतं, म्हणाल्या. मी हंड्याचं विचारलं. "हंड्यानं नाही झालं ते," इतकंच बोलल्या. मी तिथं ओक्साबोक्शी रडले, आणि नवऱ्याला वाटलं काहीतरी वाईट सांगितलं.

एका वेळेवरून पक्कं सांगता येत नाही, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी तोंडाची लांबी मोजायची ठरली. तोवर अंगावरून जातच होतं. शाळेच्या जुन्या वहीत मी तारीख, रंग आणि पॅड किती, असं लिहायचे. तपकिरी म्हणजे जुनं रक्त, त्याला फार भ्यायचं नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, गाठी पडल्या, ताप आला किंवा पाणी गेलं तर वाट न पाहता निघायचं. पहाटे लघवीला जाताना बॅटरी लावून आधी रंग पाहायचा, ही सवय इतकी लागली की आजही हात बॅटरीकडे जातो.

सासूबाईंनी बाजेच्या पायथ्याला दोन-दोन विटा लावल्या. "पाय वर राह्यले पाह्यजे, पोरी. माह्या मायनं माह्यासाठी असंच केलं होतं." मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. दिवसभर नुसतं पडून राहिल्यानं फायदा होतो असं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. वजन उचलू नका, शेतकाम नको, घरात हिंडाफिरा, असं त्यांचं म्हणणं. विटा मात्र आम्ही काढल्या नाहीत. सासूबाईंना काहीतरी करायला हवंच होतं. वेचणीची माझी मजुरी बुडाली, ती वेगळी.

चौदाव्या आठवड्यात डाग थांबले. सोळाव्यात लांबी 34 मिलिमीटर आली, आम्ही पेढे घ्यायचेच बाकी होतो. अठराव्यात 21. पंचवीसच्या खाली आणि आधीचं बाळ गेलेलं, तर पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. रक्त जात असतं तर घालता आला नसता.

कागदावर त्यांनी एक गोल काढला, भोवती धावदोरा. मला सासूबाईंची पान-तंबाखूची चंची आठवली. नाडी ओढली की तोंड मिटतं, तसंच. हे सांगितल्यावर सासूबाईंनी कमरेची चंची काढून दोन-तीनदा उघडझाप करून पाहिली. "मंग टाका मजबूत घाला म्हणा," म्हणाल्या. त्याआधी त्यांना वाटत होतं, पोट फाडणार.

कमरेत इंजेक्शन दिलं, पाय बधिर झाले, अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी थोडं लाल गेलं, मग थांबलं. योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या रोज रात्री. संबंध ठेवायचे नाहीत, हे नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं. घरी आल्यावर तो दोन दिवस माझ्या नजरेला नजर देईना.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात परत लाल. तेव्हा खरी घाबरले, कारण टाका असताना कळा सुरू झाल्या तर तो काढावा लागतो, नाहीतर तोंड फाटतं. चार दिवस भरती होते. बाळ लवकर आलंच तर फुफ्फुसं तयार असावीत म्हणून बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली. टाका शाबूत होता, कळा नव्हत्या, रक्त थांबलं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "कायले रडतं व, पोट तर हालून राह्यलं!" हालत होतं खरंच.

सदतीस आठवडे भरल्यावर टाका काढला. भूल दिली नाही, दोन मिनिटं जीव गोळा झाला. पांढऱ्या पट्टीसारखा जाड दोरा ट्रेमध्ये पडला, बोटभर. मला वाटलं, आता बाळ तिथंच येणार. कसलं काय! आणखी नऊ दिवस लावले पोरीनं. शेवटी रात्रभर कळा दिल्या, पहिल्यांदा मला कळा काय असतात ते कळलं. 2 किलो 600 ग्रॅम.

पुढच्या वेळी पहिल्याच तपासणीला हे सगळं सांगायचं, असं डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलंय. ते कार्ड आणि ती वही लोखंडी पेटीत ठेवली आहे, सातबाऱ्याच्या खाली.