अळणी

मंगळवार, रात्री सव्वादहा

माझ्याबद्दल इटालियनमध्ये लिहिलेल्या शेऱ्याच्या कागदावर पाच ओळी आहेत. चार लगेच कळल्या. पाचवीतला पहिला शब्द मी घाईत 'दोल्चे' वाचला आणि मनातल्या मनात खूश झाले. गोड! खोलीत येऊन चष्मा पुसून पाहिलं तर 'दोचिले'. शब्दकोश काढला. मवाळ, आज्ञाधारक, वळवू तशी वळणारी. उदाहरणाला कुत्रा दिलाय. दुसरा शब्द 'सिलेन्त्सिओझा', गप्प राहणारी, तो शोधावा लागला नाही.

थोडक्यात, गरीब गाय.

दुपारी आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प, मग हसत सुटली. "अगं, दुसऱ्या कुणाचा कागद दिला असेल तुला." मागून ताई ओरडली, "जीभ कस्टममध्ये अडकवून ठेवली काय हिची?" मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं. पप्पा फोनवर आलेच नाहीत, झोपलेत म्हणे. घरी तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. साडेसहाला पप्पा कधी झोपतात? असो.

रडण्यासारखं काय होतं त्यात? वाईट तर काहीच लिहिलेलं नाही. उलट जगातल्या कुठल्याही मदरला हवीहवीशी वाटेल अशी सिस्टर त्या कागदावर आहे. फक्त ती मी नाही. नोव्हिशिएटमध्ये, सिस्टर होण्याआधीच्या उमेदवारीत, दरवर्षी माझ्या कागदावर एकच शेरा असायचा, बोलणं कमी करावं. सगळ्या रिट्रीटमध्ये मी एकच मागणं मागत आले, प्रभू, माझ्या जिभेला लगाम घाल. ऐकलं त्याने. लगामासकट घोडाच नेला.

रविवारचंच घ्या. शुभवर्तमान मिठाचं होतं, तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात. संध्याकाळी सगळ्या गोल बसून वचनावर बोलतात. माझ्याकडे या वेळी खरंच सांगण्यासारखं होतं. आमच्या वसईची मिठागरं, उन्हात डोळे दिपवणारे ते पांढरे ढीग, आजी मिठाचा एक खडासुद्धा जमिनीवरून उचलून कपाळाला लावायची ते. आणि इथे इटलीत, पेरुजात, पावात मीठच घालत नाहीत. गावातले लोक सांगतात, 1540 साली पोप तिसऱ्या पॉलने मिठावर कर वाढवला, शहर बिथरलं, लढलं आणि हरलं. तेव्हापासून रागाने पाव बिनमिठाचा. खरं-खोटं देव जाणे. पण लढाई खरी, आणि हरलेल्या शहराच्या डोक्यावर पोपने बांधलेला किल्लाही खरा. त्याच्या पोटातून आता सरकते जिने जातात. वर्गाला जाताना मी रोज त्यावर उभी असते, हातात भाज्यांची पिशवी धरून, आणि विचार करते की पोपवर रागावलेल्या लोकांचा पाव आम्ही सिस्टर लोक रोज निमूट खातो. हे सगळं मला सांगायचं होतं. पोपबद्दलचं जरा जपून.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मीठ महत्त्वाचं आहे."

सगळ्यांनी मान डोलावली. एकीने माझ्या हातावर थोपटलं. झालं.

त्या थोपटण्यानेच बहुतेक हा कागद लिहिला.

निघताना फादर म्हणाले होते, आपला गोन्सालो जपानी शिकला, तुला इटालियन काय जड? म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. शुक्रवारी त्याचा सण झाला. घरच्यांनी फोटो पाठवले, पताका, बँड, सगळं. वसईचा पोरगा, पंधरा-सोळा वर्षांचा असताना जपानला गेला आणि असा बोलायला लागला की फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे त्याला दुभाष्या म्हणून उभं केलं. मला हिदेयोशी नको आहे. मला पोस्टाच्या खिडकीवर परमेस्सोचं, इथल्या राहण्याच्या परवान्याचं, पाकीट देताना बाईने विचारलेलं एकदाच विचारल्यावर कळलं तरी पुरे. शिवाय इतकं गोड बोलून त्याचं झालं काय? 1597 साली नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर चढवलं. संतपद मिळालं 1862 साली. मी सव्वीस वर्षांची आहे, एवढं थांबायची तयारी नाही. पण एक गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही. जपानीत तो कसा होता? वसईत आईशी बोलताना जसा होता तसाच? की तिथे तोही 'दोचिले' होता?

कन्फेशनचं तर विचारूच नका. इटालियनमध्ये माझी पापं फार कमी आहेत. अधीरपणा, आळस, प्रार्थनेत लक्ष नसणं, गर्व. चारही एका छापील पत्रकातून पाठ केलेली. शनिवारी तीच म्हणते, क्रम बदलून. गेल्या आठवड्यात मी एका बाईला मनातल्या मनात जे म्हटलं ते कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत होतं, त्याचं भाषांतर करायचं तर मला आधी सी-वन ही भाषेची वरची पातळी पास व्हावं लागेल. म्हातारे फादर ऐकतात आणि म्हणतात, शाब्बास पोरी. पापं सांगून शाब्बासकी! आणि पापाला इथला शब्द 'पेक्कातो'. बस चुकली तरी लोक तेच म्हणतात, के पेक्कातो, अरेरे. पहिले दोन महिने मला वाटायचं, काय भाविक शहर आहे, बसस्टॉपवरसुद्धा पापाची जाणीव.

आज वर्गात कोंजुन्तीवो पुढे सरकलं. प्रोफेसरबाई म्हणाल्या, 'क्रेदो के', मला वाटतं की, असं आलं की पुढचं क्रियापद शंकेच्या रूपात जातं. म्हणजे 'देव आहे असं मी मानते' हे सुद्धा व्याकरणाने शंकेत. माझ्या शेजारी काँगोची सिस्टर बसते, तिने डोळे मोठे केले. चिनी मुलं ऑपेरा शिकायला आलेली, त्यांना काही फरक पडला नाही, ती वहीत उतरवत राहिली. मला मात्र एकदम कळलं. हे तर आपलं 'असावा'! देव असावा. पाऊस येत असावा. तो गावी गेला असावा. मी पहिल्यांदाच हात वर न करता बोलले आणि फळ्यावर जाऊन 'असावा' देवनागरीत लिहिलं. मिस्सातल्या क्रेदोत, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, मात्र 'के' नाही, 'इन' आहे. 'क्रेदो इन', तिथे शंकेला जागाच ठेवलेली नाही. हे फॉर्मेशनच्या, म्हणजे सिस्टरांच्या घडणीच्या, तासाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तिथे मी सिलेन्त्सिओझा.

मग म्हटलं, कागदावर सही करण्याआधी खाली एक ओळ आपणही लिहावी. 'मी दोचिले असावी असं मला वाटत नाही.' मधल्या सुट्टीत कोंजुन्तीवो लावून झोकात लिहिली आणि काँगोच्या सिस्टरला दाखवली. तिने खोडली. कर्ता एकच असेल तर ते रूप चालत नाही म्हणे. दुसरीबद्दल 'असावी' म्हणता येतं, स्वतःबद्दल नाही. स्वतःबद्दल सरळ काय ते सांगायचं.

वा रे व्याकरण.

आता कालचं. लिहायचं नव्हतं, पण तेच डोक्यात फिरतंय. स्वयंपाकघरात वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सिस्टरबरोबर माझी पाळी होती. पंच्याऐंशीच्या पुढे असतील, हात थरथरतात, तरी पातेलं दुसऱ्याला देत नाहीत. भात शिजला. त्यांनी चाळणी सिंकमध्ये ठेवली आणि पातेलं उपडं केलं. ती दाट, पांढरी, वाफाळती पेज सरळ मोरीत. आजी ताप आला की त्यात मिठाचा खडा टाकून द्यायची. मी ओरडले, "अगं, पेज!"

चमचा पडला. बाहेर टेबल लावणाऱ्या दोघी धावत आल्या. मी तोंडावर हात ठेवला, मग काढला, आणि मराठी-इटालियन कालवून तावातावाने बोलत सुटले. ताप, आजी, मीठ, फेकायचं नसतं, क्रियापदं सगळी मूळ रूपात. म्हाताऱ्या सिस्टर चाळणी धरून तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आवाज आहे तर तुला." आणि हसल्या, कवळी सावरत. माझ्यासाठी पेज ठेवली बिवली असेल असं कुणाला वाटत असेल तर नाही. आज पुन्हा भात होता. चाळणीपाशी त्यांनी माझ्याकडे वळून मोठ्याने "पेज!" म्हटलं आणि अख्खं पातेलं मोरीत ओतलं. उच्चार अगदी बरोबर.

त्यांना कुणी अजून कागद लिहायला सांगितलेला नाही, नाहीतर तिथे वेगळा शब्द आला असता.

अवघड हे आहे की गरीब गाय होऊन राहण्यात थोडं सुखही आहे, हे मला कबूल करायला आवडत नाही. भांडण होत नाही. रात्री झोपताना 'हे आपण बोलायला नको होतं' असं एकही वाक्य आठवत नाही, तिकडे रोज पाच-सहा असायची. मग आता ही शांती म्हणायची की शब्दसंग्रह? जूनमध्ये परीक्षा. पास झाले की कदाचित आईला ओळखू येईन. मदरला येईन की नाही, सांगता येत नाही.

रेडिएटर दहाला बंद होतो, पाय गार पडलेत. खिडकीवर त्रामोन्ताना, उत्तरेचा गार वारा, धडका देतोय. पप्पांचं काय ते उद्या ताईला वेगळा फोन करून विचारायचं. सही उद्या नाश्त्यानंतर, आणि दुपारी पुन्हा माझीच पाळी. या वेळी पातेल्याखाली आधीच वाडगा धरून उभी राहणार आहे. मीठ कुठे ठेवतात ते पाहून ठेवलंय.