३/८ इंच

रविवार, रात्री पावणेबारा

जुनी ड्रॅग रेसची, म्हणजे पाव मैल नुसती सरळ पळायची कॅमॅरो मी वळणांसाठी तयार करतेय. आज तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर, मोजला. डावीकडे १०८ इंच. उजवीकडे १०७ आणि ५/८. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

मिहीरला सांगितलं तर म्हणाला, "३/८ म्हणजे किती?" म्हटलं, साडेनऊ मिलिमीटर. "एवढंच?" म्हणाला आणि वर निघून गेला. जेवताना आईचा फोन आला, तिच्याशीही धड बोलले नाही. एवढंच. खरंच एवढंच आहे. तरी नंतर तासभर गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होते, टेप हातात घेऊन.

आधी स्वतःलाच पिंजऱ्यात उभं केलं. चाकांवरून मोजलं नव्हतं. रिम वाकडी असते, टायर फसवतो. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या बॉल जॉइंटच्या मध्यापासून ओळंबा सोडला, मागे ॲक्सलच्या नळीच्या टोकापासून दुसरा, आणि फरशीवर खडूच्या फुल्या. टेपचा हूक ढिला असतो म्हणून १ इंचाच्या रेघेपासून धरायचं आणि शेवटी तो इंच वजा करायचा. केला होता वजा. दोन बाजूंचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागचा कल) वेगळा असला तरी चाक पुढेमागे दिसतं, पण वरच्या आर्मच्या शिमा (पातळ पट्ट्या) दोन्हीकडे सारख्या आहेत, मीच घातल्यात. मग मागचा ॲक्सल सरकलाय का? मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंत दोन्हीकडे सारखंच अंतर. सेंटर बोल्ट शाबूत. म्हणजे मागचे सगळे निर्दोष सुटले. राहिला सबफ्रेम, म्हणजे पुढचा सांगाडा.

'६९ची कॅमॅरो म्हणजे अर्धी एक गाडी आणि अर्धी दुसरी. केबिनपासून मागे सगळं एकसंध पत्र्याचं. पुढचा सांगाडा वेगळा, चार जाड बोल्टांनी खालून टांगलेला, आणि दोन बोल्ट पुढे रॅडिएटर सपोर्टला. मध्ये रबराचे बुश. बोल्टांची भोकं ऐसपैस, त्यामुळे सबफ्रेम थोडा इकडेतिकडे बसू शकतो. त्यात रबर बसलं, चेपलं, आणि वर्षानुवर्षं कुणी हिरवा दिवा लागला की स्लिक (गुळगुळीत रेसिंग) टायरवर सगळी ताकद एकदम सोडत राहिलं, तर सांगाडा जागचा हलणारच. पाव मैल पळणाऱ्याला ते कळायचं कारण नाही. स्टिअरिंग किंचित कलतं धरलं की झालं.

नोव्हेंबरात मोजलं होतं मी. टोचतंय ते हेच. मोजलंच नसतं तर निदान आळशी म्हणून मोकळी झाले असते.

कर्ण मोजले होते. डाव्या बॉल जॉइंटपासून उजव्या पाट्याच्या बोल्टपर्यंत, मग उलटा. १/१६ चा फरक आला. म्हटलं, पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला १/१६ म्हणजे सोनं. आता कागदावर आकृती काढली तेव्हा लख्ख दिसलं. सबफ्रेम मागच्या दोन बोल्टांभोवती फिरला की उजवी बाजू मागे जाते आणि त्याच वेळी सगळं नाक उजवीकडे सरकतं. एकाने उजवा कर्ण आखडतो, दुसऱ्याने लांबतो, आणि दोन्ही मिळून हिशेब जवळजवळ शून्य. कर्ण खोटं बोलले नाहीत, अर्धंच बोलले. पाट्याच्या दोन बोल्टांचा मध्य काढून तिथून सरळ पुढे दोरी ताणली असती, तर पुढच्या क्रॉसमेंबरचा (आडव्या तुळईचा) मध्य दोरीच्या उजवीकडे दिसला असता. आज ताणली. आहे, तो पण ३/८च्या आसपास. कोनात बघितलं तर अर्धा अंशही नाही.

आणि दार. उजव्या दाराच्या कडेला फेंडरशी घासून नखाएवढा रंग उडाला होता. फट वर बारीक, खाली त्याहून बारीक. डाव्या दाराची फट मात्र करंगळी जाईल एवढी. मी काय केलं? टच-अपची बाटली आणून तो नखाएवढा डाग झाकला. फेंडर पुढे रॅडिएटर सपोर्टला बांधलेले असतात, सपोर्ट सबफ्रेमवर. सबफ्रेम फिरला की फेंडर दारावर येतो. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाहिलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं.

मग जानेवारीत कनेक्टर वेल्ड केले. पुढचा सबफ्रेम आणि मागचे रेल जोडणाऱ्या त्या दोन चौकोनी नळ्या. तेही किती शहाण्यासारखं! गाडी चाकांवर, वजन चाकांवर, टाकी भरलेली, दारं बंद करून फटी तपासलेल्या. जॅकवर टांगलेल्या गाडीला कनेक्टर मारले की बॉडी लोंबलेली असते तशीच कायमची होते, हे मी लोकांना सांगत फिरते. मी लोंबलेली नाही केली. मी वाकडी, पण चाकांवर व्यवस्थित उभी असलेली, कायमची केली.

आधी कळस मग पाया.

केलेल्या बदलांची यादी आठवली की अजून चिडचिड होते. पुढचे ९०/१० शॉकअप काढले. ते दाबताना कडक आणि सुटताना सैल असतात, म्हणजे नाक झटकन वर जातं आणि सावकाश खाली येतं. मागच्या टायरवर वजन ढकलायला झकास, ब्रेक मारून वळायला जीवघेणे. लांब मऊ स्प्रिंग काढून ५५० पाउंडाच्या घातल्या. वळणात गाडी कलू न देणारा पुढचा अँटी-रोल बार कुणीतरी वजन वाचवायला काढून टाकला होता, तिथे सव्वा नाही, १ १/८ इंचांचा घातला. कारखान्यातून ११/१६ चा यायचा. वरच्या कंट्रोल आर्मची भोकं पाऊण इंच खाली घेतली. कॅमॅरोवाले त्याला गुल्डस्ट्रँड मॉड म्हणतात. मूळ रचनेत चाक वर उचललं की त्याचा माथा बाहेर झुकतो आणि वळणात बाहेरचा टायर कडेवर उभा राहतो. भोकं खाली घेतली की तो आत झुकतो. कॅमॅरोच घेऊन १९६८ आणि १९६९ साली रॉजर पेन्स्केचा संघ आणि त्याचा ड्रायव्हर मार्क डोनोह्यू यांनी ट्रान्स-ॲम ही वळणावळणाच्या ट्रॅकवरची शर्यतमालिका जिंकली होती, त्यामुळे सांगाड्यात मुळात खोट आहे असं म्हणायची सोय नाही.

मागे पाट्यांची टोकं टांगणारे लांब शॅकल होते, शेपूट दोन इंच वर. दिसायला रुबाबदार. पण १०८ इंचांच्या व्हीलबेसवर मागून दोन इंच उचलले की सगळी गाडी पुढे एक अंश कलते आणि पुढचा कॅस्टर तेवढाच कमी होतो. मुळात कारखान्याचा आकडाच अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणजे तो उणेच झाला. हायवेला स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही अशी तक्रार करायला मग आपण मोकळे. आता मूळ मापाचे शॅकल, कॅस्टर ५ अंश, कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आतबाहेर कल) उणे पाऊण, टो-इन (चाकांची पुढची टोकं किती आत वळलेली) एकूण १/१६. कागदावर. अलाइनमेंटची तारीख गुरुवारची घेतली होती, ती रद्द करायची राहिलीय.

स्पूल काढला, त्याचं दुःख नाही. स्पूलवर दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे पार्किंगमध्ये वळताना आतला टायर किंचाळतो आणि वेगात वळताना मागचं पुढच्याला सरळ ढकलत राहतं. मागच्या ॲक्सलच्या गिअरचं प्रमाण ४.५६ च्या जागी ३.५५. बारा बोल्टच्या ॲक्सलला ३.७३ पर्यंतचा कॅरियर (ज्यावर क्राउन गिअर बसतो तो भाग) वेगळा आणि ४.१० पासूनचा वेगळा. नवा लिमिटेड स्लिप घेणारच होते म्हणून बरं, नाहीतर ३.५५ साठी वेगळा कॅरियर शोधत बसावं लागलं असतं. बॅकलॅश, म्हणजे दातांमधला ढिलेपणा, ०.००८ इंचावर बसला. हजाराव्या भागात मोजला तो. आणि इथे तीन अष्टमांश.

तेलाच्या टाकीचं अजून लिहिलेलंच नाही. ड्रॅगची खोल पॅन. तेल मागे धावतं म्हणून पिकअप, म्हणजे तेल ओढणारी नळी, मागे. लांब वळणात तेल बाजूला चढलं की पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. आत झडपा असलेली पॅन आलीय, खोक्यातच आहे. ते राहू दे.

दुपारी खरं तर रडू येईल असं वाटलं होतं. चार महिन्यांचे रविवार.

मग मोह झाला. असू दे की. अलाइनमेंटवाला पुढची चाकं मागच्या ॲक्सलच्या दिशेला जुळवून देईल, गाडी सरळ जाईल, वळेलही. डावं वळण आणि उजवं वळण यांतला फरक मला कळेल इतकी मी डोनोह्यू नाही. नॉरवुडच्या कारखान्यातून निघतानाच अशी निघाली असेल. त्या काळात गुण्या लावून कोण बसलं होतं? जानेवारीपासून मी आधीच्या मालकाला मनात शिव्या घालतेय, त्याचा दोष असेलच असंही नाही. पण रबराच्या जागी मी ॲल्युमिनियमचे बुश घातलेत. रबर वाकड्यालाही सांभाळून घेतं. ॲल्युमिनियम भोकाच्या एका कडेला टेकून राहतं, सगळा भार त्या कडेवर, आणि तिथला पत्रा एक दिवस तडकतो. शिवाय २४५ चे टायर; डाव्या वळणात उजव्या फेंडरच्या आत बोटभर जागा उरते, त्यातला अर्धा भाग तर या ३/८ नेच खाल्लाय.

स्टुलावर बसल्या बसल्या एकदम हसू आलं. ही बया इतकी वर्षं वाकडी होती आणि हिला कामच फक्त सरळ जायचं होतं. सरळ गेलीही. मी तिला वळायला शिकवायला निघाले तेव्हा कुठे ती वाकडी ठरली.

तर करायचं असं. कनेक्टर पूर्ण काढायची गरज नाही. मागचे सांधे राहू देत, पुढचे दोन कापायचे. आधी आतली कार्पेट उचलायची, नाहीतर ठिणगी वरून दिसत नाही आणि धूर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. बॅटरीची तार सोडायची. वेल्डचा बीड साडेचार इंची ग्राइंडरने घासून काढायचा, रेलचा पत्रा कापायचा नाही. बॉडी रॉकरखाली (दाराखालच्या पट्टीखाली) आणि मागच्या रेलखाली स्टँडवर, इंजिनासकट सबफ्रेम जॅकवर, मध्ये लाकूड. स्टिअरिंगचा कपलिंग सोडायचा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, क्लचची सळई, अर्थिंगची पट्टी यांना ढील आहे का बघायचं. गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर सबफ्रेमवरच असल्यामुळे गिअरबॉक्स सोबत येईल; प्रॉपेलर शाफ्टचा स्लिप योक तेवढं सामावून घेतो. हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) फ्लोअरला लागतील, लागू देत.

मग सहाही बोल्ट दोन-तीन फेरे ढिले. काढायचे नाहीत. बॉडी माउंटशेजारी सबफ्रेममध्ये आणि वरच्या फ्लोअरमध्ये कारखान्याची एकावर एक येणारी भोकं आहेत, ५/८ ची सळई जाईल अशी. सळईची टोकं तासून ठेवलीत. आज घालून पाहिली: डावीकडची अडखळत गेली, उजवीकडची गेलीच नाही, अर्धा चंद्र दिसत होता. ते भोक नोव्हेंबरात का नाही पाहिलं, ते विचारू नये. रॅचेटच्या पट्ट्याने तिरकं ओढत आणायचं, दोन्ही सळया आपल्या वजनाने खाली घसरल्या की मधली दोरी, मग दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, मग कर्ण, याच क्रमाने. १/१६ च्या आत. बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे, कारण आवळताना ते पुन्हा सरकतं. आवळल्यावर परत सगळं मोजायचं. मग फेंडर. मग वेल्ड.

भीती एकाच गोष्टीची, केज नटची. ते फ्लोअरच्या पोटात पिंजऱ्यात बसलेले असतात. गंजून बोल्टला चिकटले तर पिंजरा तुटतो आणि नट नुसता गरगरतो. मग फ्लोअरला खिडकी कापण्यावाचून इलाज नाही. मागच्या वेळी तीन सुटले होते, उजवा मागचा रडवून सुटला होता. चौघांवर आज तेल मारून ठेवलंय, रोज रात्री मारायचं, शनिवारपर्यंत हात लावायचा नाही.

मघाशी पाणी प्यायला खाली आले तर बेंचवर ग्राइंडरच्या नव्या कटिंग चकत्या. मिहीरने कधी आणल्या कळलं नाही. सांधे दोन आहेत आणि चकत्या पाच.